आधी ओढ्यात बघा

माणूस गाडीसकट नाहीसा झाला, की चार दिवसांत आपण त्याचा मारेकरीही ठरवून मोकळे होतो. पुरावा काय, मागाहून आला तरी चालतो.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात 29 मे 1971 च्या रात्री 17 वर्षांच्या दोन मैत्रिणी एकीच्या आजोबांची जुनी स्टुडबेकर गाडी घेऊन खडीच्या खाणीकडे निघाल्या. तिथे शाळेतल्या पोरांची पार्टी होती. पुढच्या गाडीतली मुलं वळण चुकली. त्यांनी मागे पाहिलं, तर मुलींच्या गाडीचे दिवे दिसेनात. त्यानंतर ना मुली सापडल्या, ना गाडी.

2004 मध्ये पोलिसांनी त्या भागातलं एक शेत खणून काढलं. त्या शेतावरच्या घरातला मुलगा बलात्काराच्या गुन्ह्यात लांबलचक शिक्षा भोगत होता. 2007 मध्ये या दोघींच्या खुनाचा आरोपही त्याच्यावर ठेवला गेला. त्या आरोपाला मोठा आधार होता तुरुंगातल्याच दुसऱ्या कैद्याने पुरवलेल्या कबुलीच्या टेपचा. टेप बनावट निघाली आणि 2008 मध्ये आरोप मागे घ्यावे लागले. तो माणूस काही सज्जन नव्हता. म्हणून तर संशय त्याला इतका चपखल बसला! त्याने ते केलं, तर हेही केलंच असणार, असं म्हणायला फारसे कष्ट पडत नाहीत.

सप्टेंबर 2013 मध्ये ब्रूल क्रीक या ओढ्याचं पाणी उतरलं आणि पुलाजवळ उलट्या पडलेल्या गाडीची चाकं वर दिसू लागली. जागा खाणीच्या वाटेवरचीच. आत दोघींचे सांगाडे होते. गाडी तिसऱ्या गियरमध्ये, किल्ली लावलेली, दिव्यांचं बटण चालू. पर्समध्ये लायसन्स जसंच्या तसं. घातपाताची एकही खूण मिळाली नाही. अंधारात गाडी रस्ता सोडून ओढ्यात गेली होती, बस्स. एका मुलीचे वडील 102 वर्षं जगले आणि गाडी सापडण्याच्या जेमतेम काही दिवस आधी वारले.

घरच्यांनी संशय घेतला तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोटचं पोर गेलं आणि त्यात कुणाचाच दोष नाही, हे मानणं फार जड जातं; निदान कुणावर तरी राग धरता यावा, असं वाटतंच. तपास करणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. शेवटची खबर ज्या रस्त्याची, त्याच रस्त्यालगत गाडी 42 वर्षं गाळात पडून होती, आणि खोदकाम झालं ते भलत्याच शेतात.

आपल्याकडेही कुणी रात्री गाडी घेऊन निघालं आणि पोचलं नाही, तर पोलिसांना आधी त्या वाटेवरचे पूल, कालवे, कठडा नसलेल्या विहिरी आणि घाटातली वळणं तपासायला लावा. संशयितांची यादी करायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो.