बेचाळिसाव्या वर्षाची रेघ

पॅरिस ऑपेराच्या बॅले संघात नर्तक असो वा नर्तिका, बेचाळिसाव्या वर्षी नोकरी संपते. ज्या वयात वकील, प्राध्यापक ऐन उमेदीत असतात त्या वयात हा माणूस पेन्शनर! ऐकताक्षणी अन्याय वाटतो. पण जरा थांबायला हवे.

बॅले ही कला असली तरी आधी अंगमेहनत आहे. मूल आठ-दहा वर्षांचे असताना शिक्षण सुरू होते. नर्तिका सारा भार पायाच्या बोटांच्या टोकावर तोलते, नर्तक जोडीदारणीला डोक्यावर उचलतो. चाळिशीपर्यंत घोटे, गुडघे, कंबर कुरकुरू लागतात. तेव्हा ही मर्यादा निव्वळ हाकलण्यासाठी नाही. तिच्यामागे 1698 पासूनची, चौदाव्या लुईच्या काळातली पेन्शन आहे. 2019 मध्ये सरकारने ही खास व्यवस्था मोडायचे ठरवले तेव्हा संप झाला, आणि 24 डिसेंबरला नर्तिका ऑपेराच्या बाहेरच्या पायऱ्यांवर, कडाक्याच्या थंडीत 'स्वान लेक' नाचल्या. मागणी जास्त वर्षे नाचू देण्याची नव्हती. लवकर थांबण्याचा हक्क त्यांना हवा होता.

पण थांबण्याचा हक्क वेगळा आणि थांबण्याची सक्ती वेगळी. फेब्रुवारी 1962 मध्ये लंडनला मार्गो फॉन्टेन रुडॉल्फ नुरेयेव्हबरोबर 'जिझेल' प्रथम नाचली तेव्हा ती 42 वर्षांची होती आणि तो 23 वर्षांचा. पॅरिसचा नियम तिथे असता तर बॅलेच्या इतिहासातली ही जोडी जुळण्याआधीच मोडली असती.

यावर कुणी म्हणेल, फॉन्टेन एखादीच. संघात जागा मोजक्या, थोरले हलले नाहीत तर पंचविशीतल्या मुलीने किती वाट पाहायची? तिचीही वर्षे मोजकीच आहेत. शिवाय नियम सर्वांना सारखा असल्याने संचालकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. हा मुद्दा मला खोडता येत नाही. म्हणून पगारी जागा बेचाळिसाव्या वर्षी मोकळी व्हावी, याला माझी हरकत नाही. रंगमंच मात्र का सोडावा? यिरी किलियानने 1991 मध्ये हॉलंडमध्ये चाळिशी ओलांडलेल्यांसाठी वेगळा संघ काढला, त्यांच्या शरीरांना शोभतील असे नाच बसवले गेले. तो 2006 पर्यंत चालला. जुन्या बॅलेतल्या बहुतेक नायिका कोवळ्या पोरी असतात. पन्नाशीतल्या बाईची भूमिकाच कुणी रचली नाही, तर तिला ती जमत नाही हे ठरवायचे कशावरून?