नायक येण्याआधी

परभणी म्हटले की लोककलेच्या अभ्यासकांना गोंधळमहर्षी राजारामबापू कदम आठवतात. गोंधळात देवी दिसत नाही, ऐकू येते. चौक मांडलेला असतो, दिवटी पेटलेली असते. संबळावर वाकड्या टोकाची टिपरी पडते, तुणतुणे सूर धरते आणि गोंधळी तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला नाव घेऊन बोलावतो. आख्यान नंतर. आधी येणारीसाठी जागा करायची, आणि ते काम वाद्यांचे. हे ज्याच्या कानात मुरले आहे त्याला रिचर्ड डॉनरच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’चे संगीत परके वाटू नये. जॉन विल्यम्सने ते लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतले, एवढाच काय तो फरक.

माणूस उडतो ही कल्पना तशी हसण्यावारी नेण्यासारखीच. त्यात निळ्या घट्ट कपड्यांवर लाल चड्डी! प्रेक्षकांनी फिदीफिदी हसू नये यासाठी कुणीतरी हमी घ्यावी लागते. सुपरमॅन झालेल्या क्रिस्टोफर रीव्हला तारांवर टांगून कॅमेऱ्याने ती घ्यायचा प्रयत्न केला आणि त्या दृश्यचमत्कारांना खास ऑस्करही मिळाले. विल्यम्सच्या वाट्याला नुसते नामांकन आले. संगीताची बाहुली ‘मिडनाइट एक्स्प्रेस’साठी जॉर्जिओ मोरोडरने नेली. आज त्या उड्डाणांतली जोडकामे डोळ्यांना दिसतात. संगीतात मात्र कुठे शिवण उसवलेली नाही. माझ्या मते खरी हमी त्यानेच घेतली होती.

ती कशी, हे जरा जवळून ऐकावे. श्रेयनामावलीत खालच्या तंतुवाद्यांवर तिनाच्या लयीत एक घोडदौड सुरू होते आणि तिच्यावर ट्रम्पेट उभे राहतात. धून षड्ज-पंचमाच्या नात्यावर बांधलेली आहे. आपल्याकडे हे दोन अचल स्वर. त्यांना ना कोमल रूप, ना तीव्र. मनात किंतु नसलेल्या नायकाला याहून योग्य पाया कोणता? मध्येच तीन स्वरांचा एक तुकडा येतो, तो तर सरळ त्याचे नावच पुकारतो. शब्द नसताना.

पण खरी हुशारी पुढे आहे. एवढा थाटाचा मार्च सुरुवातीलाच ऐकवून विल्यम्स तो आवरून धरतो. वडील गेल्यावर तरुण क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, गव्हाच्या शेतात आईचा निरोप घेतो, तिथे हॉर्न आणि व्हायोलिनची धून वेगळीच आहे: मोकळ्या माळासारखी पसरलेली, घर सुटण्याची. चित्रपटाचा तासभर उलटल्यावर गच्चीवरच्या हेलिकॉप्टरला पत्रकार लोइस लटकते. क्लार्क धावत निघतो, सदरा उघडतो आणि ट्रम्पेट गर्जतात. आपण इतका वेळ ज्याची वाट पाहत होतो, ते पडद्यावर दिसण्याआधी कानांना कळलेले असते.

आपल्याकडचा अतिमानव म्हणजे १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’. नायक अदृश्य, म्हणजे संगीतकाराला तर रान मोकळे! पण लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा हा चित्रपट लोकांच्या ध्यानात आहे तो गाण्यांमुळे. वाद्यवृंदाची जाण कमी होती म्हणावे, तर प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांची फळीच्या फळी बसत असे. हिंदी चित्रपटाने ही ताकद ओतली ती गाण्याच्या दोन कडव्यांमधल्या जागेत, आणि आपल्या कानांनाही सवय तीच लागली. गाणे संपले की आपण संगीत ऐकायचे थांबतो. समीक्षकही थांबतात, हे अधिक खटकते.

अलीकडच्या अतिमानवपटांत आवाज भरपूर असतो, छातीत धडधड होते. बाहेर पडल्यावर ओठांवर मात्र काही येत नाही. भव्यता आणि आवाहन यांतला हा फरक आहे. भव्यतेला वादक वाढवले की भागते. आवाहनाला कुणाला बोलवायचे ते नेमके ठाऊक असावे लागते. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये हान्स झिमरने जुनी धून बाजूला ठेवून नवी रचली, आणि ती वाईट नव्हती. तरीही २०२५ मध्ये जेम्स गनने नवा ‘सुपरमॅन’ आणला तेव्हा नट नवा होता, संगीतकार नवे होते. धून मात्र विल्यम्सचीच पुन्हा घ्यावी लागली.