पाठलाग आणि हक्क : न सापडलेल्या हरिणाची नीतिमीमांसा

१

मराठीत 'मृग' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हरीण येते. परंतु संस्कृतात या शब्दाची व्याप्ती एके काळी सर्व वन्य पशूंपर्यंत पसरलेली होती. सिंहाला 'मृगेंद्र' आणि वानराला 'शाखामृग' म्हटले जाते, ते त्यामुळेच. 'मृग' आणि 'मृगया' हे दोन्ही शब्द 'शोधणे' असा अर्थ असलेल्या 'मृग्' या धातूशी जोडले जातात. इंग्रजीतील 'डिअर' या शब्दाचा प्रवासही काहीसा असाच आहे. प्राचीन इंग्रजीत तो पशुमात्राला लावला जात असे. पुढे तो हरिणापुरता उरला. दोन दूरस्थ भाषांमध्ये घडलेला हा अर्थसंकोच योगायोगाचा असेलही, पण त्यातून एक प्रश्न सुचतो. एखाद्या प्राण्याची ओळखच जर 'ज्याचा शोध घ्यावयाचा तो' अशी असेल, तर त्या शोधाने शोधणाऱ्याला नेमका कोणता अधिकार प्राप्त होतो? अधिक नेमकेपणाने विचारायचे तर, दीर्घ, कष्टाचा आणि नियमबद्ध पाठलाग हा मारण्याच्या हक्काचा आधार होऊ शकतो काय?

प्रस्तुत विवेचनासाठी हा प्रश्न मी अमेरिकेतील हरिणांच्या शिकारीच्या संदर्भात मांडणार आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा बहुतांशी गुन्ह्याचा विषय झाला आहे, आणि त्यामुळे तिच्याविषयीचा आपला नैतिक विचार काहीसा आयता व सुरक्षित झाला आहे. अमेरिकेत मात्र ती आजही कायदेशीर, हंगामी आणि मुख्य म्हणजे कौटुंबिक प्रथा आहे. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो व तो 'थँक्सगिव्हिंग'च्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पाच लाखांहून अधिक लोक त्यासाठी परवाना घेतात. आजोबा, मुलगे, लेकी, सुना आणि प्रथमच बंदूक हाती घेणारी नातवंडे जंगलातील एखाद्या खोपटात एकत्र जमतात. अशा कुटुंबात पुष्कळदा एका विशिष्ट नराची कथा असते: मोठ्या शिंगांचा, गेल्या वर्षी आजोबांना हुलकावणी दिलेला, यंदा पुन्हा ज्याच्या खुणा दिसल्या आहेत असा. हंगाम संपतो, इतर हरणे मारली जातात, तो मात्र मिळत नाही. आपला प्रश्न या न मिळालेल्या नराभोवती उभा राहतो.

२

हा नर 'तोच' आहे हे कुटुंबाला कसे कळते? पांढऱ्या शेपटीच्या हरिणाची शिंगे काळविटाप्रमाणे कायमची नसतात. आपल्याकडील सांबराप्रमाणे ती गळून पडतात. मारलेल्या सांबराला आपण सहज ओळखणार नाही तसेच हेही. दर हिवाळ्यात ती गळतात आणि पुढच्या वर्षी वय, आहार व आनुवंशिकता यांनुसार नव्याने वाढतात. ज्या चिन्हावरून त्याला ओळखायचे तेच चिन्ह दरवर्षी नष्ट होते. उरतात त्या इतर खुणा: ओल्या मातीतील खुरांचे ठसे, खोडांवर शिंगे घासून सोललेली साल, माजाच्या दिवसांत जमिनीवर उकरलेली आळी, विश्रांतीसाठी दबलेले गवत. या विस्कळीत खुणांमधून कुटुंब एक सलग चरित्र रचते.

कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'खुणां'वरील आपल्या निबंधात असे सुचविले आहे की, कथा सांगण्याची कल्पना प्रथम शिकाऱ्यांच्या समाजात जन्मली असावी. कारण मूक ठशांच्या मालिकेतून घडून गेलेल्या घटनांचा क्रम वाचण्याची विद्या शिकाऱ्यापाशीच होती. हे अनुमान सिद्ध करता येण्याजोगे नाही, परंतु आपल्या विषयासाठी ते उपयुक्त आहे. पाठलागातून प्राणी केवळ सापडत नाही. पाठलागातून तो 'कोणीतरी' म्हणून घडतो. हंगामाच्या पहिल्या सकाळी जंगलात असते ते हरीण, म्हणजे एका जातीचा एक नमुना. नवव्या दिवशी शिकाऱ्याच्या मनात असतो तो एक विशिष्ट जीव. त्याला सवयी आहेत, भूतकाळ आहे, पुष्कळदा नावही आहे. आज झाडाला बांधलेले स्वयंचलित कॅमेरे रात्रीच्या अंधारातही त्याची छायाचित्रे टिपतात आणि ही व्यक्तिरूप देण्याची क्रिया अधिकच वेगाने घडते.

येथे पहिला पेच निर्माण होतो. शिकारी म्हणतो की, मी त्याच्यासाठी थंडीत बसलो, त्याचे जंगल शिकलो, त्याला पळण्याची पुरती संधी दिली. म्हणून तो मी मिळविलेला आहे. परंतु ज्या कष्टांच्या बळावर तो हा हक्क सांगतो, त्याच कष्टांनी समोरच्या जीवाला अनन्य, म्हणजे ज्याच्या जागी दुसरा ठेवता येणार नाही असा, बनविले आहे. अनोळखी प्राणी मारणे सोपे असते. ओळख झालेल्याला मारणे अवघड. पाठलाग जसजसा लांबतो, तसतसा हक्काचा दावा आणि त्या दाव्याविरुद्धचा पुरावा एकाच प्रमाणात वाढत जातात.

३

या पेचातून सुटण्याचे दोन मार्ग नेहमी सुचविले जातात. पहिला मार्ग नियमांचा. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ साली स्थापन झालेल्या 'बून अँड क्रॉकेट क्लब'ने 'न्याय्य पाठलागा'ची जी संकल्पना रूढ केली, तिच्यानुसार प्राण्याला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ मध्ये लिहिलेल्या शिकारीवरील चिंतनात या विचाराला तात्त्विक बैठक दिली. त्याच्या मते माणूस आपल्या तांत्रिक श्रेष्ठत्वाला स्वेच्छेने आवर घालतो तेव्हाच शिकार संभवते. खेळ म्हणून शिकार करणाऱ्याचे साध्य मरण हे नसते, मात्र मरणाची खरी शक्यता नसेल तर शिकार खोटी ठरते. ही मांडणी प्रामाणिक आहे. पण 'न्याय्य' हे विशेषण दोन पक्षांनी मान्य केलेल्या व्यवहाराला शोभते. हरिणाने या खेळाला संमती दिलेली नाही. शिकाऱ्याने स्वतःवर घातलेली बंधने त्याच्या संयमाची साक्ष देतात, त्याच्या चारित्र्याविषयी काही चांगले सांगतात. हरिणावर ती कोणतेही ऋण निर्माण करीत नाहीत. शंभरदा निसटण्याची संधी मिळाली म्हणून एकशे एकाव्या वेळी त्याने मरणे लागत नाही.

दुसरा मार्ग परिसंस्थेचा. लांडगे नाहीसे झाले की हरणे वाढतात, कोवळी झाडे खाऊन जंगल उजाड करतात आणि शेवटी स्वतः उपासमारीने मरतात. तेव्हा माणसाने लांडग्याचे काम केले पाहिजे, हा तो युक्तिवाद. त्यामागे आल्डो लिओपोल्ड यांच्यासारखा थोर अधिकारी आहे. तरुणपणी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात स्वतः लांडगीण मारणाऱ्या आणि पुढे त्या कृत्याचा अर्थ उमगलेल्या या वनविद्यावंताचे 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली निघाले. विस्कॉन्सिनमध्ये १९४३ साली माद्या मारण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा त्या धोरणाचे समर्थन केल्याबद्दल त्यांच्यावर कडवट टीका झाली.

या प्रसंगात आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्या माराव्या लागतात. एक नर अनेक माद्यांना फळवू शकत असल्यामुळे नर मारून संख्येत फारसा फरक पडत नाही. म्हणजे परिसंस्थेचा युक्तिवाद लागू पडतो तो जिच्याविषयी कोणी कथा सांगत नाही त्या शिंगे नसलेल्या मादीला. आणि ज्याची कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते त्या नराला तो जवळजवळ लागूच पडत नाही. उपयुक्तता एका प्राण्याची सांगायची आणि पाठलाग दुसऱ्याचा करायचा, ही विसंगती शिकारीच्या समर्थनात वारंवार आढळते. मोठ्या नराचा पाठलाग जंगलासाठी केला जात नाही. तो कुटुंबासाठी, स्मृतीसाठी, कथेसाठी केला जातो, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

४

हे मान्य करून लिहिणारा लेखक म्हणजे विल्यम फॉकनर. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'रेस अ‍ॅट मॉर्निंग' या कथेत निवेदक आहे आईबापांनी टाकून दिलेला एक मुलगा. त्याला सांभाळणारे मिस्टर अर्नेस्ट हे बहिरे, विधुर शेतकरी आहेत. हे कुटुंब रक्ताचे नाही. काम आणि शिकार यांच्या सहवासातून ते घडले आहे. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला तो मोठा नर दिसतो. दुसऱ्या दिवशी एकाच घोड्यावर बसून दोघे दिवसभर त्याचा पाठलाग करतात. सायंकाळी तो अगदी समोर येतो. मिस्टर अर्नेस्ट बंदूक रोखतात, चाप ओढतात. बंदूक रिकामी असते. काडतुसे त्यांनी आधीच काढून ठेवलेली आहेत. पुढे ते मुलाला विचारतात की, त्या नराचे रक्ताळलेले तुकडे तुला हवे होते, की पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा पाठलाग करण्यासाठी तो सबंध, जिवंत असलेला बरा? आणि मुलाला सांगतात की, आता तुला शाळेत जायचे आहे.

ही कथा करुणेची म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु नीट पाहिले तर मिस्टर अर्नेस्टांनी हरिणाला सोडले आहे ते पुढच्या वर्षाच्या पाठलागासाठी. जीवदान हेही ताब्याचे एक सूक्ष्म रूप असू शकते. सोडून देणाऱ्याच्या मनात 'हा माझा आहे, म्हणून मी तो राखून ठेवतो' अशी भावना असेल, तर हरिणाच्या बाजूने पाहता गोळी आणि क्षमा यांच्यामागील दृष्टी एकच राहते. फॉकनरला याची जाणीव असावी, असे मला वाटते. कारण पुढच्या वर्षी तो मिळेलच, या मुलाच्या खात्रीला मिस्टर अर्नेस्ट होकार देत नाहीत. ते फक्त 'कदाचित' म्हणतात, आणि याच शब्दाचे मोल मुलाला शिकवतात. या शब्दाने जीवदानातील मालकी सैल होते. पुढच्या वर्षी तो नर असेल किंवा नसेल, आपण असू किंवा नसू. त्याचे आयुष्य आपल्या हंगामावर अवलंबून नाही, एवढे त्यात मान्य केले आहे.

'गो डाउन, मोझेस' (१९४२) मधील 'द ओल्ड पीपल' ही कथा आणखी एक पाऊल पुढे जाते. आइक मॅकॅस्लिन हा मुलगा आपले पहिले हरीण मारतो आणि चिकसॉ सरदार व गुलाम स्त्री यांचा पुत्र असलेला सॅम फादर्स त्या हरिणाचे रक्त त्याच्या चेहऱ्याला लावतो. त्यानंतर दोघांसमोरून एक प्रचंड नर शांतपणे चालत जातो. कोणीही गोळी झाडत नाही. सॅम हात उंचावून त्याला पूर्वजाला करावे तसे अभिवादन करतो, आजोबा म्हणून संबोधतो. मुलगा हे आपल्या वडीलधाऱ्या चुलतभावाला सांगतो, तेव्हा कळते की त्यालाही पहिल्या शिकारीनंतर सॅमने तो नर दाखविला होता.

येथे 'कुटुंब' या कल्पनेचा अर्थच बदलतो. पिढीकडून पिढीकडे जे सोपविले जाते ते मारण्याचे कौशल्य असतेच. त्याच्या जोडीने, जे मारायचे नाही त्याच्याशी असलेले नातेही सोपविले जाते. हे नाते निष्पाप नाही. मुलाच्या चेहऱ्यावर रक्त आहे, आणि त्या रक्ताशिवाय त्याला तो दुसरा नर दिसला असता असे कथा म्हणत नाही. शिकार न करणाऱ्या वाचकाला हा मुद्दा अस्वस्थ करणारा आहे, आणि तो तसाच राहू दिला पाहिजे.

५

या कथा आपण वाचतो तेव्हा समीक्षकाच्या हातून एक चूक सहज घडते. न सापडणाऱ्या हरिणाला आपण लगेच प्रतीक करतो: तो अर्थ आहे, तो हरवलेला आदिम निसर्ग आहे, तो निसटणारा चिन्हित आहे. अशा वाचनात काही तथ्य असते. पण प्रतीक झालेल्या हरिणाला वेदना होत नाही. त्याचे पोट फाडावे लागत नाही, त्याचे मांस वाटून घ्यावे लागत नाही. जे शिकारी गोळीने करतो ते आपण रूपकाने करतो. आपल्या उपयोगासाठी त्या जीवाची अनन्यता संपवितो, तीही हात न माखता. जंगलातल्या खोपटात बसलेले कुटुंब निदान या बाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक असते. त्यांच्या कथेतल्या हरिणाला वजन असते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढे म्हणता येईल की, पाठलागाने हक्क निर्माण होत नाही. उत्तरदायित्व निर्माण होते. ज्याला इतके ओळखले त्याच्याविषयी उत्तर देण्याची जबाबदारी ओळखणाऱ्यावर येते, मग त्याने त्याला मारो अथवा सोडो. मारणाऱ्याने आपल्या कष्टांचा दाखला देऊ नये आणि सोडणाऱ्याने आपल्या दयेचा. हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतणाऱ्या कुटुंबात एखादे मूल विचारते, 'पुढच्या वर्षी तो असेल का?' या प्रश्नात शिकारीची हाव आहे आणि त्या जीवाविषयीची काळजीही आहे. दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. मोठ्यांनी त्या मुलाला काय उत्तर द्यावे हे नीतिशास्त्र सांगू शकेल असे वाटत नाही. पण त्या उत्तरात खात्रीचा सूर नसावा, एवढी अपेक्षा त्याने जरूर बाळगावी.