मान मागून मिळतो का?

राष्ट्रध्वज जाळल्याचे नुसते वाचले तरी माझे डोके तापते. १९४२ साली तिरंग्यापायी पोलिसांची काठी खाल्लेल्या बापाचा मी मुलगा! म्हणूनच अमेरिकेतील एका खटल्याने मला फार दिवस अस्वस्थ केले आहे.

१९८४ साली डल्लस शहरात रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले असता ग्रेगरी जॉन्सन नावाच्या निदर्शकाने नगरभवनासमोर आपल्याच देशाचा ध्वज जाळला. त्याला १ वर्षाची कैद आणि २,००० डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८९ साली ५ विरुद्ध ४ मतांनी असे ठरले की, ही शिक्षा टिकत नाही; ध्वज जाळणे हेही मत मांडणेच आहे, आणि लोकांना संताप येतो एवढ्यासाठी सरकारला कोणाचे तोंड बंद करता येत नाही.

हे काय भलतेच, असे मी मनाशी म्हटले. पण निकालपत्रात एका साक्षीदाराचा उल्लेख आहे. गर्दी पांगल्यावर त्याने ध्वजाचे जळके अवशेष गोळा केले, घरी नेले आणि परसात पुरले. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट १९६८ सालची. व्हिएतनाम युद्धाचे दिवस. सक्तीच्या लष्करभरतीला शिवी लिहिलेले जाकीट घालून पॉल कोहेन नावाचा तरुण लॉस एंजेलिसच्या कोर्टाच्या इमारतीत आला. (ती शिवी सणासुदीला नको!) पण न्यायाधीशांसमोर जाताना त्याने जाकीट आपणहून काढले आणि घडी करून हातावर घेतले. त्याला बेअदबीबद्दल धरावे, अशी चिठ्ठी एका पोलिसाने आत पाठविली. न्यायाधीशांनी ती मानली नाही. बाहेर येताच मात्र पोलिसाने त्याला पकडलेच. ३० दिवसांची शिक्षा झाली. ती १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

कोर्टात शिस्त हवीच; गोंगाटात दुबळ्याचे म्हणणे कोणाला ऐकू येणार? पण शिस्त लावता येते, आदर वाटावा लागतो. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने ध्वज जाळणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा मोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. पण त्या भीतीने उभा राहिलेला मनुष्य ध्वजाला मान देतो, की शिपायाला?

वडिलांची आठवण येते ती येथेच. १९४२ साली कायदा त्यांच्या तिरंग्याच्या बाजूचा नव्हता. काठी कायद्याच्या हातात होती. त्या काठीला त्यांच्या मनातला आदर काढता आला नाही. मग तीच काठी दुसऱ्याच्या मनात तो घालू शकेल, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?