मुद्रेवरून भाव ओळखावा काय?

दिंडीत शेजारच्याच्या डोळ्यांना धार लागली की आपण म्हणतो, "काय भाव आहे पाहा!" तोच मनुष्य तसाच रडताना कोर्टाच्या पायरीवर दिसता, तर आपणच म्हटले असते, "बिचारा दावा हरला वाटतं." चेहरा एकच, पाणीही तेच, भोवतीची मंडळी तेवढी बदलली. तेव्हा आपण वाचतो ते काय? त्याची मुद्रा, की त्याच्या भोवतीचा मेळा?

मानसशास्त्रज्ञांनी याची मोठी मार्मिक परीक्षा केली आहे. ती २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. टेनिस खेळणाऱ्यांची छायाचित्रे घेतली. कोणी नुकताच गुण जिंकलेला, कोणी गमावलेला. नुसते चेहरे दाखवले, तर जिंकलेला कोण आणि हरलेला कोण हे पाहणाऱ्यांना सांगता येईना. चेहरा काढून नुसते अंग दाखवले, तर आले. मग जिंकणाऱ्याचे तोंड हरणाऱ्याच्या धडावर बसवले, तो त्याच तोंडावर लोकांना दुःख दिसू लागले! आणि चेहऱ्यावरून हमखास ओळखता येईल, अशी खात्री मात्र पुष्कळांची होती. अति आनंद आणि अति दुःख यांचे तोंड इतके सारखे असते.

२००८ साली जपानी आणि अमेरिकन लोकांची तुलना प्रसिद्ध झाली. चित्रात मधे एक माणूस, भोवती चौघे. मधल्याचा भाव सांगताना जपान्यांवर भोवतालच्या चौघांच्या चेहऱ्यांचा परिणाम होई. अमेरिकनांवर फारसा होत नसे. आम्हां वारकऱ्यांना जपान्यांची रीत जवळची वाटेल, कारण वारीत माणूस एकटा असा नसतोच.

पण धोकाही तिथेच आहे. सारे टाळकरी डोलत आहेत आणि एक जण कोरड्या तोंडाने उभा आहे. लगेच आपला निकाल: "हा नुसता मिरवायला आलेला." गेल्या वर्षी ज्या मुलाच्या खांद्यावर पताका होती, तो मुलगा यंदा नसेल, हे आपल्याला कुठे ठाऊक असते? तीच मुद्रा सुतकाच्या घरी दिसती, तर आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. मेळ्याने चढवलेला अर्थ आपण त्याच्या अंतःकरणावर लादतो आणि वर भक्त-अभक्त ठरवतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, आई नाही का तान्ह्याचे तोंड पाहून ओळखत? ओळखते. पण त्याला केव्हा पाजले, केव्हा निजवले, हे सारे तिला माहीत असते; नुसत्या तोंडावर तिचा भरवसा नसतो. शेजारच्या वारकऱ्याविषयी आपल्याला काय माहीत असते? फार तर गाव आणि आडनाव.

"माउली, दमलात का? घरचं सगळं बरं ना?" एवढे विचारायला पालखी थांबवावी लागत नाही. मुक्कामाला टँकरपाशी कळशी भरता भरता विचारता येते. कोणी बोलतो, कोणी नुसती मान हलवतो. मग त्याची कळशी आपण उचलावी आणि राहुटीकडे चालू लागावे.