वेदनेचा निरोप

देहाची वेदना प्रारब्धाचा भोग मानून सोसावी, की उपाय हाताशी असताना शमवावी, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत केवळ तत्त्वचर्चेपुरता राहत नाही. कारण भातरोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकलेल्या आणि उन्हाळ्यात मोहफुले वेचत उकिडव्या बसलेल्या बाईच्या तोंडी गुडघ्याच्या दुखण्यासाठी ‘भोग’ हाच शब्द सहज येतो.

अस्थिसंधिवातात, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून सांधा दुखू लागतो त्या विकारात, हाताशी असलेला उपाय म्हणून सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास दाह उतरून काही आठवडे आराम पडतो; झीज मात्र भरून येत नाही. उलट, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १४० रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा अधिक झिजली.

तरीही वेदना सोसण्यातच पुण्य आहे, असे यातून निघत नाही. वेदनेचे खरे काम काय, हे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी १९४९ साली उभारलेल्या आनंदवनाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. कुष्ठरोगाने मज्जातंतू बधिर झाले की तव्याचा चटका कळत नाही, तळव्यात रुतलेला काटा कळत नाही आणि जखम चिघळत जाते. तेथे माणसाला उणीव भासते ती दुखण्याचीच. त्या माणसांत आयुष्य घालवणारे बाबा स्वतः मात्र मणक्याच्या असह्य दुखण्यामुळे बसू शकत नसत आणि १९८५ सालची भारत जोडो यात्रा त्यांना आडवे पडून करावी लागली.

वेदना हा देहाने धाडलेला निरोप आहे. पण वीस वर्षे तोच निरोप देत राहणाऱ्या गुडघ्याजवळ नवे सांगण्यासारखे काही उरलेले नसते, आणि तेव्हा ती वेदना शमवणे हा दुबळेपणा ठरत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या चंद्रपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तेथे बुद्धाचे उत्तर आठवणे उचित होय. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात, सर्व वेदना पूर्वकर्मातूनच येतात हे मत तो नाकारतो. तो सांगतो त्या आठ कारणांत पूर्वकर्माचे फळ हे एक, तर ‘विषम परिहार’, म्हणजे देहाची वेडीवाकडी हाताळणी, हे दुसरे. दिवसभर वाकून केलेली रोवणी याच दुसऱ्या कारणात मोडते, आणि ते कारण माणसाच्या हातातले आहे.

म्हणून इंजेक्शनचा विचार सुईपाशी थांबवता येत नाही. आराम पडलेल्या आठवड्यांत मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम झाले तर उसंत सार्थकी लागते. तीच बाई दुखत नाही म्हणून पुन्हा बांधीत उतरली तर तिच्या गुडघ्याला उसनी बधिरता आली एवढेच होते. तिच्या जागी त्या हंगामात कोण वाकणार, हे ठरवणे घराकडे आणि गावाकडे येते.