शब्द देणाऱ्याचे दायित्व

सोयाबीनचे पैसे हाती आले, की लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी दोन प्रकारची माणसे घरी येऊ लागतात. एक उसने मागणारी, दुसरी ठेव मागणारी. उसने मागणाऱ्याला आपण पारखून घेतो. ठेव मागणारा बहुधा नात्यातला, शेजारचा किंवा मुलाचा शिक्षक असतो. त्याला पारखणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते.

आर्थिक फसवणुकीवर प्रवचन करताना मी अनेक वर्षे लोभाला दोष देत आलो. ते सोपे होते. न फसलेले समाधानाने घरी जात, फसलेले मागच्या बाकावर मान खाली घालून बसत. बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेट पतसंस्थेच्या प्रकरणानंतर मात्र ते प्रवचन मला करवेना. संस्थेने १२ ते १४ टक्के व्याज देऊ केले होते. २०२३ च्या अखेरीस ठेवी परत मिळेनाशा झाल्या. जून २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली. दोन हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम अध्यक्षांच्याच उद्योगसमूहाला कर्ज म्हणून देऊन वळवण्यात आली, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. वाचकहो, मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशावर बँकेपेक्षा पाच-सहा टक्के अधिक व्याजाची अपेक्षा करणे, याला लोभ म्हणावे काय? १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला होता; तेथे तो शब्द कदाचित शोभेल. पण त्याच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांतही त्याच्यासारखे इटलीहून आलेले स्थलांतरित पुष्कळ होते. आपला माणूस, या एका गोष्टीवर हे व्यवहार चालतात.

तेव्हा नैतिक प्रश्न फसणाऱ्याच्या लोभाचा कमी आणि मध्ये उभे राहून ज्याने शब्द दिला त्याचा अधिक आहे. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे भरपाईविषयीचे विवेचन घोकले होते. ज्याने स्वतः काही घेतले नाही, तोही भरपाईस बांधील असू शकतो, असे ते सांगतात. आणि सल्ला देणारा, स्तुती करणारा, गप्प राहणारा यांची नावे त्या यादीत घालतात. सल्ला देणारा मात्र प्रत्येक वेळी बांधील नसतो. त्याच्या सल्ल्यामुळेच हानी घडली असण्याचा संभव असेल, तरच. परीक्षेत हा भेद मी अचूक लिहिला होता. तो कधी स्वतःला लावून पाहावा लागेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या शाखेच्या उद्घाटनास मी गेलो, दीप लावला, शाल-श्रीफळ घेतले आणि चार गौरवाचे शब्द बोललो. संस्थेचा ताळेबंद मी पाहिला नव्हता. पैसा कोणाला कर्जाऊ जातो, संचालक आणि कर्जदार एकाच घरातले तर नाहीत, हे विचारले नव्हते. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवीला ते मुळीच नाही, एवढी साधी गोष्टही सभेत सांगितली नाही. (माहीत असती तरी सांगितली असती का, कोण जाणे, शाल अंगावर असताना असे प्रश्न सुचत नाहीत.) ती शाखा बंद पडल्यावर एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "फादर, दिवा तुम्ही लावला होता, म्हणून मी ठेव ठेवली." त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

त्यांचे पैसे भरून देण्याइतके द्रव्य माझ्याजवळ नाही. मग बांधिलकी संपली काय? मला तसे वाटत नाही. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहे; त्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते, पण त्यासाठी तक्रार नोंदवावी लागते, आणि लाजेपोटी कितीतरी माणसे ती नोंदवीतच नाहीत. 'लोभी' म्हणवून घेण्यापेक्षा पैसा बुडालेला त्यांना परवडतो. ती लाज माझ्या प्रवचनांनीही वाढवलेली आहे.

शिक्षकांबरोबर मी पोलीस ठाण्यात गेलो. "कोणाच्या सांगण्यावरून पैसे ठेवले?" असे अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा गुरुजी माझ्याकडे पाहून गप्प राहिले. मग माझे नाव मीच सांगितले.